सरकता पल्ला आणि भाच्याची हळद

आधीच सांगते, मला भुताखेतांच्या गोष्टींचा राग येतो. उतारा, लिंबू, अंगात येणं... असला विषय निघाला की मी उठून जाते. त्यामुळे हे लिहिताना भीती वगैरे काही वाटत नाहीये. संताप येतोय, आणि तो इतक्या वर्षांत कमी झालेला नाही.

२००६च्या आसपासची गोष्ट. आम्ही नारपोलीत दुसऱ्या मजल्यावर राहायचो. खाली आणि समोर कापड विणणाऱ्या लूमचे कारखाने. दिवसरात्र खडखडाट, सुट्टी फक्त शुक्रवारी. बेडरूम एवढीशी. भिंतीतल्या कपाटाला दोन पल्ले. पलंग ठेवला की पल्ले उघडत नव्हते, आणि पल्ले उघडायचे तर पलंग ठेवता येत नव्हता.

पण मला तिथे पलंग ठेवायचाच होता, कारण आई कायमची माझ्याकडे येणार होती. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, आमच्या गावची, दापोड्याची जमीन गोडाऊनला दिली, तीन मजली बंगला बांधला आणि त्यात आईला जागा नाही म्हणून सांगितलं. दोन गाड्यांना जागा होती. कुत्र्याला होती. आईच्या गुडघ्यांना जिने झेपत नाहीत म्हणे. अरे, मग तळमजला कशासाठी बांधलास?

तर मी कपाटाला जागा न खाणारा दरवाजा शोधायला लागले. नवरा म्हणाला, पडदा लाव. पडद्यातून लूमची रुई आत जाते, चार दिवसांत कपड्यांवर पांढरा थर बसतो. हे त्याला माहीत नाही असं नाही, पण बोलायला काय जातंय! घडीचा दरवाजा बघितला, तर तोही वीतभर पलंगावर येत होता. शेवटी भिंतीला लागून बाजूला सरकणारा एकच पल्ला ठरवला. शेजारचा इर्शाद मिस्त्री म्हणाला, "भाभी, नीचे पटरी डालते हैं, सस्ता पड़ेगा." मी म्हटलं, पटरीत रुई भरेल आणि आईला तो ओढवणार नाही. वरच्या चॅनेलला टांगलेला पाहिजे, खाली काही नको.

तसंच झालं. आई पलंगावर बसल्या बसल्या एका बोटाने तो सरकवायची आणि हात थेट लुगड्यांपर्यंत पोचायचा. वर्षभर एकदाही अडकला नाही.

मग दादाच्या मुलाचं लग्न ठरलं. हळदीच्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, दादा गाडी घेऊन दारात. वर्षभरात पहिल्यांदा. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण लागते, म्हणजे लग्नाचे धवले गाणारी जाणती बाई. आईने आयुष्यभर गावातल्या लग्नांत धवले गायले. दादाने मोठा मंडप घातला होता, बँजो आणला होता, पण गावातली म्हातारी माणसं विचारायला लागली — तुझी आय कुठं हाय? तेव्हा साहेबांना आठवण झाली.

मला वाटलं होतं, आई चांगलं सुनावेल. पण ती इतकी खूश झाली की मला तिचाही राग आला. "नातवाची हलद हाय बाय, मी जानार," म्हणाली आणि हिरवं लुगडं काढायला पल्ल्याला बोट लावलं.

पल्ला हलला नाही.

मी जोर लावला. नवऱ्याने लावला. दादाने बाह्या वर करून खांदा लावला. पल्ला खालून मोकळा होता, पुढेमागे डुलत होता, पण बाजूला इंचभरही सरकत नव्हता. इर्शादला बोलावलं. त्याने स्टुलावर चढून टॉर्च मारला, चाकांना हात लावून बघितला. "सब फ्री है भाभी. फिर भी नहीं जा रहा... आधा घंटा दो, उतार देता हूँ."

दादाला तेवढाही वेळ नव्हता. पाहुणे खोळंबलेत म्हणाला. मग आईकडे न बघताच बोलला, "आये, चल तशीच. कोन बघतंय तुला?"

आईच्या अंगावर घरातलं विटकं लुगडं होतं. माझ्या साड्या सहावारी, त्या ती नेसत नव्हती. ती हळूच पलंगावर बसली. "मी न्हाय येत. जा तू." दादाने आणखी एकदा हाक मारली, आणि "तुझी मर्जी" म्हणून जिना उतरला.

गाडी गल्लीच्या टोकाला पोचली असेल-नसेल, आईने सवयीने पुन्हा बोट लावलं. पल्ला सरकला. अगदी नेहमीसारखा, आवाज न करता. स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन उभा असलेला इर्शाद तसाच निघून गेला. पुढे आमच्या घरातलं काम त्याने कधी घेतलं नाही.

मी लगेच दादाला फोन लावला. "आता ऱ्हाऊं दे, दुसरी धवलारीण बघतो," तो म्हणाला. लूम बंद, घरात शांतता, आईला सगळं ऐकू गेलं. मी म्हटलं, रिक्षाने जाऊ, दापोडे काय लांब आहे? तिने नकारार्थी मान हलवली. "नेवाला आलता त्यो. त्यानीच येवाला पायजे."

नंतर नातेवाइकांनी परस्पर ठरवून टाकलं, की आमच्या गेलेल्या बाबांनीच पल्ला धरून ठेवला. म्हातारीचा मान राखला! हे ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. कसला मान? तिला जायचं होतं. नातवाला हळद लागताना तिला गायचं होतं. आणि बाबा असोत नाहीतर आणखी कोणी — अडवायचंच होतं तर दादाची जीभ अडवायची होती. कपाट कशाला अडवलं?

नवरा म्हणतो लाकूड फुगलं असेल. मग पाच मिनिटांत सुकलं कसं? लूमचा हादरा म्हणावा तर लूम बंद होते. मी दुसऱ्या दिवशी स्वतः स्टुलावर चढून चॅनेलभर बोट फिरवलं. काही नव्हतं. आई पुढच्याच वर्षी गेली, तिला काय वाटलं ते कोणी विचारलंही नाही.

त्या शुक्रवारी संध्याकाळी मी खोलीत गेले, तर ती हिरवं लुगडं नेसून, केसांना तेल लावून पलंगाच्या कडेला बसली होती. मला म्हणाली, "बाय, गाडी परत येल का गं?"

मी म्हटलं, येईल.