शेवंताबाईंच्या घराची पाहणी

पगाराची स्लिप नसलेल्यांनाही छोट्या घरासाठी कर्ज द्यावं, मात्र बँकेच्या अधिकाऱ्यानं जागा स्वतः पाहावी, असा नियम आला. म्हणून मी पोळ्या लाटून संसार चालवणाऱ्या शेवंताबाईंचं अर्धवट बांधलेलं घर पाहायला गेले. गिलावा न झालेल्या त्या खोलीत तिरपं ऊन पडलं होतं.

"मॅडम, इथं सासूबाई, इथं लेक, आणि मी दाराशी," त्या हातानं जागा दाखवत म्हणाल्या. मग सहज विचारलं, "तुमच्या घरी कोण कोण?"

"मी एकटीच."

बदल्यांच्या नोकरीत किती घरं मंजूर केली. मी मात्र भाड्याच्या खोल्यांतच राहिले.

निघताना त्यांनी माझा हात धरला. "वास्तुशांतीला या. मुक्कामालाच या."

कर्जदाराचा पाहुणचार घेणं नियमात बसत नाही. तरी मी "येते" म्हणाले.