फिरत्या दवाखान्याचं दार

सत्तरच्या दशकात मी जिंतूरकडच्या खेड्यांत फिरत्या दवाखान्यावर नर्स होते. गाडीचं दार नीट लागत नसे, म्हणून बाया आत तपासून घ्यायला लाजत. ड्रायव्हर कडी ठोकून ठोकून थकला होता.

एका गावातली लोहारीण दार न्याहाळून म्हणाली, "कडीला काय बी झालं न्हाई, बाई. दारच खाली बसलंय."

तिनं खांद्यानं दार उचलून धरलं. तिच्या नवऱ्यानं खालच्या बिजागरीमागं पत्र्याची पट्टी घालून स्क्रू आवळले. दार अलगद लागलं.

मग तीच पहिली आत आली आणि दार लावून हळूच म्हणाली, "आता माझं बगा. लय दिवस झाले, पोटात दुखायलंय."

तिच्यामागं बायांची रांग लागली. त्या लोहारणीचे उपकार मी आजही मानते.