साडेतीन सूत

"बंद नाही पडली हो वहिनी. विचार करतेय."

असं म्हणून ते बॉनेटवर उजवा तळहात ठेवायचे. तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात ना, अगदी तसा. मग डोळे मिटून दोन मिनिटं उभे. मागे बस हॉर्नवर हॉर्न देतेय, ऑटोवाला त्यांच्या सात पिढ्यांची विचारपूस करतोय, पण यांची समाधी ढळायची नाही. मग डोळे उघडून म्हणायचे, "अच्छा, समजलं."

प्रत्येक सरकारी कॉलनीत एक तरी वेडा असतो. तुमच्याही पाहण्यात असेल. कुणाला कबुतरांचं वेड, कुणाला गुलाबांचं. सरोजिनी नगरमधल्या आमच्या ब्लॉकचे वेडे हे. आम्ही तळमजल्यावर, ते वर. एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. ऑफिसात म्हणे फाईल कधी एक दिवससुद्धा पडून राहू दिली नाही. आणि घराखाली, कडुनिंबाच्या सावलीत, एक विलायती गाडी सतरा वर्षं पडून होती. म्हणजे आम्ही म्हणायचो पडून. ते म्हणायचे, विश्रांती घेतेय.

गाडी दोन सीटची, उघड्या टपाची, तारांच्या आऱ्यांची चाकं असलेली. साहेब लोकांनी हौसेनं पळवायला बनवलेली. सुंदर नगरमधली एक म्हातारी बाई मुलाकडे परदेशी निघाली होती, तिच्या गॅरेजात ती धूळ खात होती. यांनी तिच्या सांगण्यावरून आपली धडधाकट स्कूटर तिच्या माळ्याला देऊन टाकली आणि बदल्यात ही बंद गाडी घेतली. लोक हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागतात. यांनी पळतं देऊन बसलेलं घरी आणलं.

आणलं तेही कसं, तर टेम्पोच्या मागे दोर बांधून. दिल्लीत त्याला टोचन म्हणतात. टेम्पो पुढे, मागे दोराला लटकलेली ही गाडी, आत स्टीअरिंग धरून ताठ बसलेले आमचे शेजारी. रविवारची सकाळ. सगळा ब्लॉक बाल्कनीत. कुणीतरी ओरडलं, "अरे, बकरी बाँध के लाए हैं क्या?" लोक खो खो हसले. ताई, म्हणजे त्यांची बायको, वरच्या बाल्कनीत कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी हातातला ओला टॉवेल तसाच बादलीत टाकला आणि आत जाऊन दार लावून घेतलं. त्यानंतर त्या गाडीत कधी बसल्या नाहीत. कधीही नाही. पुढे गाडी सुरू झाल्यावर ब्लॉकमधली सगळी पोरंटोरं, धोबी, पोस्टमनसुद्धा त्या गाडीतून इंडिया गेटला चक्कर मारून आले, पण ताई नाहीत.

मी पहाडगंजच्या मराठी शाळेत गणित शिकवायचे. जन्म दिल्लीतला, वाढले दिल्लीत. घरचं मराठी घरापुरतं. तरी शाळेतल्या बाईंचा तोरा होताच. एकदा दुपारी शाळेतून येतेय, तर गाडीखालून दोन पाय बाहेर आणि आवाज आला, "वहिनी, जरा साडेतीन सूत द्या ना."

मला वाटलं, काहीतरी बांधायचं असेल. घरात गेले, शिवणाच्या डब्यातलं पांढऱ्या दोऱ्याचं रीळ घेतलं, आणि गणिताची बाई ना मी, साडेतीन हात दोरा मोजून वेगळा गुंडाळला. रीळही बरोबर आणलं, कमी पडायला नको. खाली वाकून त्यांच्या हातात दिलं.

गाडीखालचे पाय हलायला लागले. हसत होते. बाहेर आले तेव्हा डोळ्यांत पाणी.

"अहो, सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. साडेतीन सूत म्हणजे हा पाना."

"मग पाना म्हणा ना सरळ!"

"माझे वडील सांगलीला सुतार होते. सुताराच्या घरी इंच नसतो, सूत असतं. मी पाच वर्षांचा होतो तेव्हापासून साडेतीन सूत ओळखतो." मग गाडीकडे हात करून म्हणाले, "आणि ही पण ओळखते. इंग्रजांनी हिला इंचात बनवली. हिला मिलिमीटर कळत नाहीत."

बाकी सगळ्या शहराचे पाने मिलिमीटरचे. म्हणून त्या विलायती मेमसाहेबाचं आणि सांगलीच्या सुताराच्या मुलाचं सूत जुळलं होतं. मला फार शरम वाटली. मी रीळ परत मागितलं, तर त्यांनी ते पान्यांच्या पेटीत ठेवून दिलं. "राहू द्या. लागेल कधीतरी." नंतर कुणी पाहुणा आला की ती पेटी उघडून रीळ दाखवायचे आणि माझी अब्रू काढायचे. मी सुद्धा सोडलं नाही. पेटीतले पाने एकेक करून पाठ केले. दीड सूत, अडीच, साडेतीन, चार, साडेचार. वर्षभरात ते हात पुढे करायचे आणि मी न बघता पाना ठेवायचे.

त्या गाडीत बसण्याचं सुख काय सांगू? जमिनीपासून वीतभर उंची. शेजारून बस गेली की तिचं चाक आपल्या कानाशी. जानेवारीच्या सकाळी धुक्यात, कानटोपी घालून, गुडघ्यांवर शाल घेऊन आम्ही एकदा शांतिपथावरून गेलो. वेग असेल फार तर चाळीस. पण मला वाटलं, मी उडतेय. घरात सासू आजारी, शाळेत इन्स्पेक्शन, सगळं मागे उडून गेलं. मी मोठ्यांदा हसत होते. ते म्हणाले, "वहिनी, हीच गोष्ट मला तुमच्या ताईला दाखवायची आहे. बस, एकदा." मग गियर बदलला.

रिटायर व्हायला सहा महिने उरले तेव्हा गाडी खरंच बंद पडली. विचार फार लांबला. आणि नेमका त्यांचा धीर सुटला. बाजारातला एक मेकॅनिक बोलावला. त्यानं चार सुताच्या नटाला तेरा नंबरचा, मिलिमीटरवाला पाना लावला. "साहब, एक ही बात है." एकच गोष्ट नव्हती. केसभराचा फरक, पण पाना फिरला आणि नटाचे सहाही कोपरे घासून गोल झाले. आता तो नट कशानेच निघेना. त्या संध्याकाळी ते कडुनिंबाखाली विटेवर बसून राहिले. त्या दिवशी त्यांनी बॉनेटवर हात ठेवला नाही.

त्यात दिल्लीच्याच टोकाला, द्वारकेत, त्यांचा फ्लॅट तयार झाला. क्वार्टर सोडायची तारीख ठरली. आणि ताईंनी जिन्यात उभं राहून, सगळ्यांच्या देखत सांगितलं, "द्वारकेला माझ्या दारात ही गाडी टोचन लावून यायची नाही. एकदा तमाशा झाला तेवढा पुरे. स्वतःच्या चाकांवर आली तर ये म्हणावं. नाहीतर इथूनच भंगारात, कबाडीकडे."

"बिल्कुल," ते म्हणाले. "मंजूर."

रोज ऑफिसातून आले की कानशीनं तो गोल नट घासायचे. घासून घासून त्याला नवे सहा कोपरे पाडले. साडेतीन सुताचे. नट निघाला. नंतर आठ-दहा आठवडे काय काय उघडलं आणि काय काय लावलं, ते त्यांनाच ठाऊक. मी हातात पाने देत होते. जायच्या आदल्या दिवशी गाडी खोकली, थुंकली, आणि सुरू झाली. वर ताईंच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती, ती उघडीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सामानाचा टेम्पो निघाला. ताई टेम्पोत, ड्रायव्हरशेजारी, देवघराचा खोका मांडीवर घेऊन. मागे गाडीत ते आणि डाव्या सीटवर पान्यांची पेटी घेऊन मी. "तुम्ही चला वहिनी, पाने तुम्हालाच ओळखू येतात." सगळा ब्लॉक पुन्हा बाल्कनीत. ह्या वेळी कुणी बकरी म्हणालं नाही.

पालमच्या थोडं पुढे गाडी थांबली.

"बंद नाही पडली," ते म्हणाले, पण आवाज नेहमीचा नव्हता. बॉनेट उघडलं. पेट्रोलच्या नळीच्या जोडातून थेंब थेंब गळत होतं. पुढे टेम्पो थांबला. ड्रायव्हर उतरला तो हातात दोर घेऊनच. "साहब, टोचन लगा देता हूँ. दस मिनट में द्वारका."

ताई टेम्पोच्या खिडकीतून बघत होत्या. बोलायचं ते जिन्यात बोलून झालं होतं.

त्यांनी हात पुढे केला. "साडेतीन." मी दिला. जोड आवळला. गळतंच. उघडून बघितला, आतले आटे झिजलेले. ते डोळे मिटून उभे राहिले. तळहात बॉनेटवर. एक मिनिट, दोन मिनिटं. ड्रायव्हर दोराला गाठ मारायला लागला.

"अच्छा, समजलं," ते म्हणाले. "वहिनी, सूत द्या."

मी पुन्हा साडेतीनचा दिला.

"हे नाही हो. तुमचं सूत."

पेटीच्या तळाशी ते रीळ होतं. पांढऱ्याचं पिवळट झालेलं. तो मी मोजलेला साडेतीन हातांचा दोरा वेगळा गुंडाळलेला होता, तसाच. ताईंकडून अंगाचा साबण मागून घेतला. दोरा साबणात माखला आणि झिजलेल्या आट्यांवर फेऱ्यावर फेरे दिले, एकाला एक चिकटून. माझा सगळा दोरा संपला. वरून नट आवळला. ड्रायव्हरसकट आम्ही तिघं खाली वाकून बघत राहिलो. थेंब आला नाही.

स्टार्टर ओढला. गाडी सुरू झाली.

तेव्हा टेम्पोचं दार उघडलं. ताई उतरल्या. देवघराचा खोका माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तू जा टेम्पोत. मी बसते." मग ड्रायव्हरकडे वळून म्हणाल्या, "और भैया, रस्सी अंदर रखो."

सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणे. आम्ही सुतावरून द्वारका गाठली. मी टेम्पोच्या खिडकीतून सारखी मागे बघत होते. रिकामा रुंद रस्ता, ती आमच्या क्वार्टरच्या दारांसारखी सरकारी हिरवी गाडी, आणि ताईंचा पदर वाऱ्यावर उडतोय. सतरा वर्षांत मी ताईंना असं हसताना पाहिलं नव्हतं. आणि यांच्याकडे तर बघवत नव्हतं, इतका आनंद. सोसायटीच्या फाटकातून गाडी स्वतःच्या चाकांवर आत गेली. यांनी हॉर्न दिला. गरज नसताना, चांगला लांबलचक.

नंतर द्वारकेच्या त्याच मोकळ्या रस्त्यांवर त्यांनी ताईंना गाडी शिकवली. हे मला ताईंनी फोनवर कुणाला न सांगण्याच्या अटीवर सांगितलं.

ते गेले त्याला आता काही वर्षं झाली. झोपेतच गेले. मागच्या हिवाळ्यात ताईंचा फोन आला. गाडी विकत न्यायला गुडगावचा कुणी हौशी येणार आहे, तू ये. मी मेट्रोनं गेले. मुलगा सभ्य होता, गाडीवर खरं प्रेम करणारा. पण बरोबर मोठा ट्रक आणि साखळी घेऊन आला होता. म्हणाला, "आंटी, आप चिंता मत कीजिए, खींच के चढ़ा लेंगे."

"खींच के?" ताईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो एक पाऊल मागे सरला. "नहीं बेटा. ये गाड़ी खिंच के नहीं जाती." मग मला म्हणाल्या, "पेटी घे. बस. स्वतःच्या चाकांवर जाईल ती."

सत्तरी ओलांडलेल्या दोन बायका. पहिल्या ओढीला खोकली, दुसऱ्या ओढीला सुरू झाली. आम्ही फाटकाबाहेर पडलो, सेक्टरला वळसा घातला, आणि सिग्नलला गाडी थांबली. मागे हॉर्न सुरू. ताई शांतपणे उतरल्या. बॉनेटवर उजवा तळहात ठेवला, डोळे मिटले. मी माझ्या बाजूची बॉनेटची अर्धी झडप उघडून धरली. आत पेट्रोलच्या नळीच्या जोडावर काळा पडलेला दोरा अजून तसाच होता. त्यांच्या बोटांनी घातलेले फेरे, एकाला एक चिकटून. हा माणूस मला फार आवडायचा, हे मी कधी त्यांना सांगितलं नव्हतं.

मागून एकजण ओरडला, "आंटी जी, गाड़ी बंद हो गई है, धक्का लगवा दूँ?"

ताईंनी डोळे उघडले नाहीत.

"बंद नहीं हुई," त्या म्हणाल्या. "सोच रही है."

मग दुसरा हात माझ्याकडे पुढे केला. मी न बघता त्यात साडेतीन सूत ठेवला.