एकशे वीस, ऐंशी

टेंभुर्णीजवळच्या एका उपकेंद्रात मी बरीच वर्षं नर्स होते. गरोदर बाईची तपासणी चुकली की घरी जाऊन सासूसकट सगळ्यांचा उद्धार करायचे. रागावण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. आता निवृत्त होऊन जुळे सोलापुरात राहते, आणि तो लौकिक आठवला की स्वतःचीच लाज वाटते.

गावात एक नवी सून होती. विशीतली, हसरी, पहिलटकरीण. दर महिन्याला न बोलावता यायची. वजन, रक्त, बीपी सगळं करून घ्यायची. सातव्या महिन्याची तपासणी तेवढी राहिली होती. डोहाळजेवण झालं की दुसऱ्याच दिवशी ती बाळंतपणाला माहेरी, अक्कलकोटच्या बाजूला जाणार होती. म्हणून मी बीपीचं यंत्र पिशवीत घालून डोहाळजेवणालाच गेले.

ती पाटावर बसली होती. हिरवी साडी, हिरवा चुडा, दोन्ही दंडांवर शेवंतीचे बाजूबंद. मी दंडाला बांधायचा पट्टा काढला तशी सासू पुढे आली.

"आज ऱ्हाऊ द्या की वो सिस्टर. अंगावरची फुलं काडू नयेत. दर टायमाला बरुबरच येतंय न्हवं?"

बायका हसल्या. कुणीतरी माझ्या हातात पुरणपोळीचं ताट दिलं. मीही हसले. गावाला धाकात ठेवणारी मी, दोन फुलांपुढे नमले आणि पट्टा परत पिशवीत ठेवला. कुणाचा चांगला दिवस कशाला मोडायचा, असं वाटलं.

ओटी भरून झाल्यावर तिने हळूच पाय पुढे केला. "सिस्टर, जोडवी लई रुतायलीत." बोटं सुजलेली होती. येते थोडी सूज, मी म्हणाले. मग तिचं तपासणीचं कार्ड मागून घेतलं. माहेरच्या नर्सला रिकामा रकाना दिसला असता तर माझी अब्रू गेली असती. मी मागच्या महिन्याचाच आकडा लिहिला, एकशे वीस, ऐंशी, आणि खाली सही केली.

पंधरा दिवसांत माहेरी तिचं डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. आईने शेजारच्या शिकलेल्या मुलीकडून कार्ड वाचून घेतलं. बीपी बरोबर होता. मग हे पित्तच, म्हणून लिंबूपाणी देऊन तिला निजवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी झटके आले. सोलापूरला नेईपर्यंत बाळ पोटातच गेलं होतं. संध्याकाळी तीही गेली.

त्यानंतर मी एकेकीचा बीपी दोनदोनदा घेत राहिले. तिला त्याचा काय उपयोग?

तेरावं झाल्यावर सासू उपकेंद्रात आली. भांडायला आली असेल असं वाटलं. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने पदराखालून कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

"तुमी तर समदं बरुबर लिवलं हुतं. मग आमचंच कुटं चुकलं, सांगा की."

"तुमचं काही चुकलं नाही," मी म्हणाले. "नशीब."

"तुमी लई केलं वो तिचं," असं म्हणून तिने हात जोडले आणि ती पायऱ्या उतरायला लागली. तिला हाक मारून खरं सांगायला हवं होतं. मी ते कार्ड उचललं आणि खणात ठेवून दिलं.