राव मामांची मेलेली कार्डं

राव मामांच्या सदऱ्याच्या खिशात रबरबँड लावलेली दहा-बारा प्लॅस्टिकची कार्डं असायची, आणि त्यांतलं एकही चालू नसायचं. मुदत संपलेली बँकेची, टी. नगरच्या साडीच्या दुकानांची, एक तर कुठल्याशा लॉजच्या खोलीचं. वेस्ट मांबलममधल्या त्यांच्या घराच्या माडीवर मी भाड्याने राहायला आले, त्याच आठवड्यात त्या जुडग्याची ओळख झाली. मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले आणि वाऱ्याने खोलीचं दार आपटून लॅच लागला. किल्ली आत, फोन आत, मी बाहेर. मामा कमरेची वेष्टी, म्हणजे त्यांचं धोतर, सावरत जिना चढून आले, खिशातलं एक कार्ड दाराच्या फटीत सरकवलं, खांद्याने जरासं रेटलं आणि दार उघडलं. "भिऊं नको गे," म्हणाले, "मी माझ्या घरांतच चोरी करितों."

मामा तंजावरकडचे मराठी. कित्येक पिढ्या तमिळ मुलखात राहून त्यांच्या बोलण्याला तमिळ हेल आला होता, शब्द मात्र माझ्या पणजोबांच्या पत्रातले वाटायचे. 'सगळं' म्हणायचं असलं की ते 'अस्क' म्हणत. मी नाशिकची, ऑफिसात दिवसभर इंग्रजी बोलणारी. पहिला महिना आम्ही एकमेकांच्या मराठीला हसण्यातच घालवला.

कार्डांचा त्यांचा एक शिस्तशीर कारभार होता. नवं मेलेलं कार्ड हाती आलं की आधी कात्रीने त्याची चिप आणि नंबर कापायचे. याला ते 'जीभ कापणें' म्हणत, म्हणजे ते कुणाची गुपितं सांगायला नको. मग त्याची नेमणूक व्हायची. साडीच्या दुकानाचं कार्ड मऊ, ते मामींकडे ग्राइंडरमधलं डोशाचं पीठ निपटायला. बँकेचं ताठ, ते डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली, नाहीतर खडखडणाऱ्या खिडकीत. दारासाठी मात्र वाकणारंच हवं. "ताठ कार्ड दाराला लावूं नये," त्यांनी मला बजावलं होतं, "मोडतें." मला हे ज्ञान अजून मुखोद्गत आहे, कॉलेजातलं बाकी सगळं विसरले.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं : "कार्ड मेलं गे, कीं कामाला लागतें. जितं असे तोंवर नुसतं पाकिटांत निजतें."

मामी लगेच म्हणायच्या, "हे पण तसेच. शाळेंत होते तोंवर घरांत एक खिळा ठोकला नाहीं." मामा एका शाळेची प्रयोगशाळा सांभाळून रिटायर झालेले, आणि त्यानंतर सबंध गल्ली त्यांच्या जिवावर चालली होती. कुणाचा नळ, कुणाचा मिक्सर, कुणाचं लॅच लागलेलं दार. लोक त्यांना 'कार्ड राव' म्हणत, आणि हाक आली की मामा ताटावरून उठत. मामी चिडायच्या, पण ताट झाकून ठेवायच्या.

मग एके दिवशी मामी अंगणात पाय घसरून पडल्या आणि आपल्याकडे राहायला चला म्हणून त्यांच्या मुलाने हट्टच धरला. मुलगा चांगला. त्याचा वेलचेरीला नवव्या मजल्यावर फ्लॅट, लिफ्ट, रॅम्प, सगळं काही. जुनं घर बिल्डरला द्यायचं ठरलं. मी हॉस्टेल बघितलं. सामान बांधता बांधता मामा मला हळूच म्हणाले, "तेथें अस्क नवं आहे गे. मला काय काम?"

"आता आराम करा, मामा," मी म्हणाले. इतकं बावळट उत्तर मी आयुष्यात दुसरं दिलं नसेल.

दोन महिन्यांनी भेटायला गेले. मामांच्या गळ्यात दोरीला एक कोरं करकरीत कार्ड लोंबत होतं. सोसायटीचं. ते दाखवल्याशिवाय गेट उघडत नाही, लिफ्ट हलत नाही. त्यावर त्यांचा फोटो आणि खाली मोठ्या इंग्रजी अक्षरांत 'डिपेंडंट'. "वाचलेंस?" त्यांनी विचारलं. मी त्यांच्या सदऱ्याकडे बघितलं. खिसा सपाट दिसत होता. सामान हलवताना सुनेने जुडगा कचरा समजून टाकला होता. "परवायिल्ले," मामा म्हणाले. चालायचंच. मला मात्र ते मुळीच चालणारं वाटलं नाही. दिवसभर खिडकीशी बसणारा हा माणूस माझ्या ओळखीचा नव्हता.

कॉफी होते तोच आतून मामींची हाक आली. बाथरूमच्या दाराचा लॅच अडकला होता. मुलाने खाली सोसायटीच्या ऑफिसात फोन लावला. माणूस यायला अर्धा तास लागेल म्हणाले. मामी आधी आतून चेष्टा करत होत्या, मग बारीक आवाजात म्हणाल्या, "पाय थरथरतो गे."

मामांचा हात खिशाकडे गेला आणि रिकामा परत आला. मग त्यांनी गळ्यातली दोरी काढली.

"मामा, ते ताठ आहे," मी म्हणाले. "मोडेल."

"मोडूं दे."

कार्ड फटीत गेलं. मामांनी खांदा लावला. कट्‌कन आवाज झाला, आणि दार उघडलं. मामी भिंत धरून उभ्या होत्या. आम्ही त्यांना खुर्चीवर बसवलं, तशा नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "इतका वेळ?" मामांचा हात मात्र सोडला नाही. मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही.

निघताना मामा गेटपर्यंत सोडायला आले. मशीनवर कार्ड टेकवलं, काही होईना. पुन्हा टेकवलं. वॉचमनने ते हातात घेऊन उलटंपालटं केलं. फोटोच्या मधोमध चीर गेली होती. "सार, कार्ड पोयिडुच्चु," तो म्हणाला. कार्ड गेलं. नवं करून घ्या.

मामांनी ते त्याच्याकडून परत घेतलं, दोरी सोडवून वॉचमनच्या टेबलावर ठेवली आणि कार्ड सदऱ्याच्या खिशात घातलं. खिशावर दोनदा थोपटलं.

"मेलं गे," ते म्हणाले, आणि मी आल्यापासून पहिल्यांदा हसले. "आतां कामाला लागेल."