त्या महिन्यात आम्ही मोकळेच असतो

आमच्या बाल्कनीत बाराही महिने मोजे वाळत असतात. घरातल्या कुणाचे असते तर गोष्ट वेगळी. हे मोजे देशाच्या फुटबॉल टीमचे.

"एवढी मोठी संघटना, आणि एक धड वॉशिंग मशीन नाही?" असं मी लग्न होऊन आले त्या वर्षी विचारलं होतं. "दुरुस्तीला टाकलंय," असं हे म्हणाले होते. आता आमची मुलगी लग्नाची झाली. मशीन अजून दुरुस्तीलाच आहे.

आमचे हे टीमचे किटमॅन. म्हणजे जर्सी, चड्ड्या, मोजे, बूट, जाकिटं, सगळा संसार ह्यांच्याकडे. मॅच संपली की पोरं हात हलवत बसमध्ये चढतात आणि हे वाकून चिखलातले मोजे गोळा करतात. पोरं मोजे काढतात तेही उलटे. मग घरी आल्यावर एकेका मोज्यात हात घालून तो सुलटा करायचा, बादलीत भिजवायचा, घोट्याचा भाग ब्रशने घासायचा. मी एकदा म्हटलं, "त्यांना सांगता येत नाही का, नीट काढा म्हणून?" तर म्हणाले, "दमलेली असतात गं." आणि मी? मी औषधाच्या दुकानात दिवसभर काउंटरमागे उभी असते, ती काय गादीवर लोळून येते?

गोलकीपरचे हातमोजे तर बघायलाच नको. कोमट पाण्यात धुणार, पिळणार नाहीत, टॉवेलमध्ये गुंडाळून अलगद दाबणार. मुलगी तान्ही असताना तिला एवढ्या हळुवार हातांनी कधी अंघोळ घातली नाही. घालणार कुठून? होते कुठे? ती जन्मली तेव्हा हे पात्रता फेरीला गेले होते. शाळेचा पहिला दिवस, पुन्हा पात्रता फेरी. तिने हात मोडून घेतला तेव्हा माझा भाऊ तिला उचलून दवाखान्यात पळाला, आणि ह्यांनी परदेशातून फोनवर मला सांगितलं, "प्लास्टर भिजू देऊ नको हं." जसं काही मी ते बादलीत बुडवणार होते.

आता ही पात्रता फेरी म्हणजे काय ते सांगते, कारण तिनेच माझं आयुष्य खाल्लं. दर चार वर्षांनी आशियातली मोठी स्पर्धा भरते. तिथे थेट कुणी घेत नाही, आधी इतर देशांशी खेळून लायकी सिद्ध करावी लागते. आणि आमची टीम ती कधीच करत नाही. कधी एका गोलाने हुकतं, कधी पेनल्टी आभाळात जाते. एकदा तर आमच्याच बचावपटूने आमच्याच जाळ्यात गोल घातला. असा देखणा गोल त्याने समोरच्या बाजूला जन्मात मारला नव्हता.

बरं, हरायचं तर हरा. पण हे दर वेळी म्हणणार, "ह्या वेळी नक्की." आणि स्पर्धेचा महिना आधीपासून राखून ठेवणार. त्या महिन्यात काही ठरवायचं नाही. घराला रंग नाही, कुठे जाणं नाही, कुणाला बोलावणं नाही. मग टीम रीतसर हरणार, आणि तो अख्खा महिना हे टीव्हीसमोर बसून दुसऱ्या देशांचे सामने बघणार. सामने तरी कुठे? कपडे बघणार! "बघ, आकडा वाकडा चिकटवलाय. उलट्या बाजूने इस्त्री केली नाही की असं होतं." मी भिंतींचे पोपडे बघत बसायची.

अशात मुलीचं लग्न ठरलं. मुलगा चांगला, माणसं चांगली. पण त्याला सुट्टी मिळणार ती नेमकी स्पर्धेच्या महिन्यात, आणि हॉलही तेव्हाच रिकामा. मी पदर खोचून भांडायच्या तयारीनेच ह्यांच्यापुढे गेले. हे बुटांच्या तळाचे खिळे घट्ट करत बसले होते. तारीख ऐकली. पाना खाली ठेवला. म्हणाले, "ठेवा."

"आणि टीम?"

"ह्या वेळी काही खरं नाही. त्या महिन्यात आम्ही मोकळेच असतो."

एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून असं काही पहिल्यांदाच ऐकलं. मुलीसाठी त्यांनी टीमवरची आशा सोडली. मला इतका आनंद झाला की मी भावाला लगेच फोन करून हॉल पक्का करायला सांगितलं. मेली कुठली बुद्धी झाली मला!

कारण टीम जिंकायला लागली. पहिला सामना हरली, ते ठीक होतं, ठरल्याप्रमाणे होतं. पण नंतर एक जिंकली, मग आणखी एक, आणि मग थांबायलाच तयार नाही. मी, जिने जन्मात खेळाचं पान उघडलं नाही, ती दुकानात गिऱ्हाईक उभं असताना गुणतक्ता वाचायला लागले. शेवटचा सामना घरच्याच मैदानावर होता. जिंकलो तर स्पर्धेत. बरोबरीही चालणार नव्हती.

हे मैदानावर गेले. मी, मुलगी आणि शेजारीण टीव्हीसमोर बसलो. आता देशद्रोही म्हणा नाहीतर काय हवं ते म्हणा, मी समोरच्या टीमच्या बाजूने होते. त्यांनी पहिला गोल मारला तेव्हा मी टाळ्याच वाजवल्या. शेजारीण माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी काही मी तिच्या घरात चोरी केली. मग आमच्या पोरांनी एक गोल फेडला. माझा जीव टांगणीला. अगदी संपता संपता कॉर्नर मिळाला, चेंडू आला आणि आमच्या एका धिप्पाड बचावपटूच्या पाठीवर आपटून आत गेला. पाठीवर! त्या बिचाऱ्यालाही कळलं नाही, तो रेफ्रीकडे बघत उभा होता. शेजारीण सोफ्यावर चढून नाचली. मुलगी हसता हसता रडायला लागली. मी कपाळाला हात लावला.

हे घरी आले ते दोन्ही खांद्यांवर ओले कपडे भरलेल्या पिशव्या घेऊन. डोळे लाल.

"पात्र ठरलो आपण," म्हणाले.

"कळलं."

आणि मोजे भिजत घातले.

मग वेळापत्रक आलं. सगळा महिना मोकळा पडला होता, पण नाही, आमचा पहिला सामना बरोबर लग्नाच्या दिवशी, लग्नाच्याच वेळेला. मी ह्यांना विचारलं, "काय ठरवलंय?" हे म्हणाले, "बघू." दुसऱ्या दिवशी विचारलं, "बघू." तिसऱ्या दिवशी मी विचारणंच सोडलं आणि भांडी आपटायला सुरुवात केली. पोरगी मात्र शांत. ती साडीला फॉल लावत बसायची आणि बापाचं नाव काढायची नाही. मला त्या शांतपणाचीच जास्त भीती वाटत होती.

एका संध्याकाळी टीमचा कप्तान आणि गोलकीपर घरी आले. एवढाली दांडगी पोरं, पण दारात चपला काढून चोरासारखी उभी. हे बाल्कनीत मोजे वाळत घालत होते, तिथूनच मान हलवली.

कप्तान म्हणाला, "काकू, काकांना आमच्याबरोबर पाठवा."

झालं. इतकी वर्षं साठलेलं सगळं मी त्याच्या अंगावर ओतलं. जन्म, शाळा, मोडका हात, भिंतींचे पोपडे, मशीनची दुरुस्ती, काही सोडलं नाही. "तुम्हाला मोजे सुलटे काढता येत नाहीत, म्हणून माझ्या मुलीने बापाशिवाय लग्न करायचं?" कप्तान मान खाली घालून ऐकत होता. पण गोलकीपरला राहवेना. तो म्हणाला, "काकू, रागावू नका, पण चूक काकांचीच आहे. त्यांनीच आम्हाला जिंकवलं."

"म्हणजे?"

"शेवटच्या सामन्याआधी आम्ही कपडे बदलत होतो. काका एकेकापुढे येऊन हात जोडून लग्नाचं आमंत्रण द्यायला लागले. कप्तान म्हणाला, अहो काका, त्या तारखेला तर स्पर्धा सुरू असेल. तर काका म्हणाले, अरे, त्या महिन्यात आपण मोकळेच असतो. सगळ्यांनी जेवायलाच या."

"असं म्हणाले?"

"अगदी प्रेमाने म्हणाले! त्याचंच तर वाईट वाटलं. कोच केव्हाचे ओरडत होते, त्याचं कुणाला काही नव्हतं. पण आमचे मोजे धुणारा माणूससुद्धा धरून चाललाय की आपण हरणार? मग पेटलोच आम्ही."

मी बाल्कनीकडे वळले. "म्हणजे तुम्ही! स्वतःच्या हाताने स्वतःच्या मुलीच्या लग्नात हा घोळ घातलात!"

"मी तर आग्रहाने बोलावत होतो," हे म्हणाले. चेहरा असा, की मारावं की जवळ घ्यावं कळेना.

तेवढ्यात मुलगी आतून आली. बापाच्या समोर जाऊन उभी राहिली. "बाबा, तुम्ही जा. मी नाही रागावणार. मला सवय आहे."

टोचून नाही बोलली हो. साधं, खरं ते बोलली. ह्यांनी हातातला मोजा दोरीवर टाकला, चिमटा लावला आणि कप्तानाकडे न बघता म्हणाले, "म्हणूनच नाही यायचं मला."

मी इतके दिवस हेच तर मागत होते. मिळालं आणि माझाच संताप झाला. आता सगळा देश म्हणणार, बायकोने अडवलं! हे मात्र कामाला लागले. लॉन्ड्रीतल्या एका माणसाला टीमबरोबर पाठवायचं ठरलं, त्याला हातमोजे कसे दाबायचे ते चार-चारदा शिकवलं, पेट्या भरल्या, विमानतळावर जाऊन पोचवून आले. त्या दिवशी बाल्कनीची दोरी रिकामी होती. मला ते बघवेना, खोटं कशाला बोलू? मी घरातले दोन स्वच्छ टॉवेल उगाच धुऊन वाळत घातले.

लग्नाच्या दिवशी हॉलमधली अर्धी माणसं माना खाली घालून फोनमध्ये. नेमकी लग्न लागायच्या वेळी कुणीतरी "गेला, गेला!" म्हणून ओरडलं आणि नवरामुलगा दचकला. गोल आमच्यावर झाला होता. ह्यांनी एकदाही फोन बघितला नाही की कुणाला विचारलं नाही. पण ह्यांना करायचं काय तेच कळत नव्हतं. मुलीच्या मैत्रिणी पाया पडायला आल्या, एकीचंही नाव माहीत नाही. मुलाच्या आत्याने ह्यांना हॉलवाला समजून पाणी मागितलं, तर ह्यांनी आणून दिलं! मी दात-ओठ खाल्ले. मुलाकडची बरीच माणसं माझ्या भावालाच मुलीचा बाप समजत होती. त्यांचं तरी काय चुकलं, सगळीकडे तोच तर पळत होता.

मग फोटोवाला ओरडला, "आता फक्त घरचे राहू द्या!"

सगळे रांगेत उभे राहू लागले. भाऊ मुलीच्या शेजारी. मी दुसऱ्या बाजूला. हे कुठे म्हणून बघते, तर हे माणसांतून फिरून सामान गोळा करतायत. विहीणबाईंची पर्स, भावाचा फोन, माझी शाल, मुलीच्या हातातली फुलं, सगळं दोन्ही हातांवर घेतलं आणि खांबाशी जाऊन उभे राहिले.

"काका, अजून थोडं मागे. तुमची सावली येतेय," फोटोवाला म्हणाला.

"हो, हो," म्हणून हे आणखी मागे सरकले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. टीमचा फोटो निघतो तेव्हा हे असंच तर करतात. सगळ्यांची जाकिटं हातावर घेतात आणि बाजूला होतात. इतकी वर्षं तेच केलंय. आज घरी थांबले, पण घरच्यांत उभं राहायचं असतं हे त्यांना सुचलंच नाही.

"अहो!" मी अशी ओरडले की फोनमधली सगळी डोकी वर आली. "तिकडे काय करताय तुम्ही?"

"सामान सांभाळतोय," हे म्हणाले.

"बाप आहात ना तिचे? मग इकडे या!"

ते मुलीकडे बघायला लागले, जसं काही तिला विचारूनच यायचं होतं. मुलीचं नाक लाल झालं होतं. "बाबा, खाली ठेवा ते सगळं," ती म्हणाली.

ह्यांनी आधी एक खुर्ची रुमालाने पुसली. पर्स ठेवली, शाल घडी करून ठेवली, फुलं वर ठेवली. मग आले ते रांगेच्या टोकाला, अर्धे आत, अर्धे बाहेर. मुलीने मामाला बाजूला केलं, ह्यांची बाही धरली आणि ओढून मधे उभं केलं. हे ताठ झाले. हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून मागे बांधले.

आणि मला हळूच विचारतात, "बघायचं कुठे गं?"

"समोर!" मी खेकसले, आणि तिथेच, सगळ्यांच्या देखत, मला रडू फुटलं.