केळीच्या वखारीतली चाचणी

नव्वदच्या दशकात आमची तुकडी चाचणीसाठी फैजपूरला आली. संशोधन खात्याने मिलिमीटर लहरींचा रडार आणला होता. बंद खोलीचा नकाशा आणि आत लपलेला माणूस तो बाहेरून दाखवणार होता. विटांची भिंत त्या लहरींना झेपत नसे. म्हणून लाकडी फळ्यांची, केळी पिकवायची वखार निवडली. मी सिग्नलमन होतो.

मेजरसाहेबांनी हमालांना हुकूम दिला, "खोली रोजच्यासारखी तयार करा." त्यांनी तशीच केली. घड लावले, घड लवकर पिकावेत म्हणून त्यांच्यामागे धुरीची शेगडी ठेवली, निखारे राखेने झाकले. मग गुप्ततेच्या नावाखाली त्यांना आवाराबाहेर हाकलले. आत माणूस बसणार, हे त्यांना कोणी सांगितले नाही. आत काय ठेवले आहे, हे आम्हाला कोणी विचारू दिले नाही.

टार्गेट म्हणून लान्स नाईक भिकनची निवड झाली. तो नरडाण्याचा, कोरडवाहू मुलखातला. केळीची वखार त्याने आतून कधी पाहिली नव्हती. मीही नाही.

"बठ्ठं दिखस का त्यामा?" सगळंच दिसतं का, असे विचारत त्याने यंत्राकडे बोट केले. "मना पोटमधली भाकरबी दिखी का, भाऊ?"

"आत जा, भाकरीवाल्या," मी म्हणालो.

सकाळी दहाला तो आत गेला. खोली पूर्ण बंद हवी म्हणून दाराच्या फटी आम्ही जवानांनीच मातीने लिंपल्या. रेडिओ बंद ठेवायचा हुकूम होता. शिट्टी वाजली की भिकनने कोपरा बदलायचा, एवढेच ठरले होते.

पडद्यावर हिरवट रेषांत खोली उमटली. भिंती, घडांच्या रांगा, त्यांच्यामध्ये बसलेला माणूस. पहिल्या शिट्टीला तो हलला. खात्याच्या साहेबाने टाळी वाजवली. दुसऱ्या शिट्टीला तो हलला नाही.

"झोपला तुमचा जवान," साहेब हसला. "पण चित्र बघा, किती स्वच्छ! हलणाऱ्या टार्गेटचं असं चित्र मिळत नाही."

"सर, रेडिओ चेक घेऊ?"

"नेगेटिव्ह," मेजर म्हणाले. "पुन्हा शिट्टी."

मी शिट्टी फुंकली. माणूस तसाच.

"सर, दार उघडू?"

"रीडिंग पूर्ण होऊ दे."

मी हेडफोन फेकला आणि दारावर लाथ घातली. आत धूर दिसत नव्हता, वासही फारसा नव्हता. भिकन घडांना टेकून बसला होता. मी त्याला ओढून उन्हात आणले. डॉक्टर आले तेव्हा करण्यासारखे काही उरले नव्हते. निखाऱ्यांच्या विषारी वायूने तो गेला, असे त्यांनी सांगितले. यंत्राला माणूस दिसत होता, त्याचा श्वास दिसत नव्हता. आणि श्वासाची चौकशी करायला वरून परवानगी नव्हती.

चाचणी यशस्वी ठरली. खात्याच्या साहेबाला बढती मिळाली. हुकूम मोडल्याबद्दल मला शिक्षा झाली. ती मी भोगली आणि मुदत संपताच नोकरी सोडली. लढाईत न मेलेल्या भिकनचे नाव कुठल्याच स्मारकावर कोरले नाही. म्हणून ते मी इथे लिहितो: लान्स नाईक भिकन, नरडाणा.

त्याआधी त्याचा देह घरी मीच पोहोचवला होता. त्याच्या आबांना अपघात म्हणून सांगायचा हुकूम होता. मी सगळे सांगितले. ते म्हणाले, "तो तुमले दिखी राहिंता ना? मंग?"